सव्वातीन की साडेसहा

कोणती भाजी आणू असं विचारलं तर चंद्रहास मोहिले ‘काहीही आण’ म्हणत. पण कोणत्या मापाचा स्क्रू आणू असं विचारलं तर आधी चष्मा पुसून घेत. लखनऊच्या एका संशोधन संस्थेत उपकरणं दुरुस्त करणारं वर्कशॉप त्यांच्या हाताखाली होतं. वरच्या मजल्यावरचे शास्त्रज्ञ काय शोध लावत ते देव जाणे, पण त्यांचे काटे आणि पंप चालते ठेवायचं काम मोहिल्यांचं, आणि ते त्यांनी वर्षानुवर्षं नाकासमोर बघून केलं. माणूस सरळ, शिस्तीचा, आणि बोलण्याच्या बाबतीत पक्का चिक्कू. ऑफिसात ‘हाँ, हो जाएगा’ आणि घरी ‘बरं’, एवढ्या भांडवलावर त्यांचा दिवस निघे.

बायको पद्मिनी पेणची. सात भावंडांच्या घरातून ती चौसष्ट साली आलमबागेतल्या दोन खोल्यांत आली आणि पहिले सहा महिने भिंतींशी बोलली. मूल झालं नाही. त्याबद्दल दोघांनी सुरुवातीला डॉक्टरांशी बोलून पाहिलं, नंतर एकमेकांशीही बोलणं सोडून दिलं. खाली मालकीणबाई होत्या. त्यांच्याकडून पद्मिनी हिंदी शिकली, ‘सब्जी’ आणि ‘अच्छा’ म्हणू लागली. पण दिवसभराचं बोलून झालं तरी पेणच्या माणसाचं पोट त्यात भरत नाही.

अशा घरात त्र्याहत्तर साली विमान आलं. छावणीत राहणाऱ्या कॅप्टन रिझवी नावाच्या निवृत्त अधिकाऱ्याचं एक यंत्र मोहिल्यांनी दुरुस्त करून दिलं होतं. त्या ओळखीतून कॅप्टनसाहेबांनी आपला जुना रेडिओ संच आणि एक छोटं इंजिन त्यांच्या हवाली केलं. हातातल्या पेटीवरच्या दोन दांड्या हलवायच्या आणि आकाशातलं विमान वळवायचं, असा तो खेळ. इंजिन सव्वातीन सीसीचं, म्हणजे मुठीत मावेल एवढं. ज्या स्कूटरवरून ते आणलं तिचं दीडशे सीसीचं होतं, यावरून काय ते समजावं. पण मोहिल्यांनी त्याच्यासाठी चार फूट पंखांचं विमान बांधलं, परवाना काढला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना रविवारची वाट पाहावीशी वाटू लागली.

रविवारी सकाळी दोघं स्कूटरवरून कानपूर रोडला लागत. सरोजिनी नगर, विमानतळ, सगळं मागे टाकून बंथऱ्याच्या पुढे एक ओसाड माळ होता. तिकडे त्याला ऊसर म्हणतात: खारट, पांढरट जमीन, मधेमधे गवताचे ठोंब, पीक काही येत नाही. विमानाचं धड मोहिल्यांच्या पायांशी, आणि पंख मागे बसलेल्या पद्मिनीच्या हातात, उभे धरलेले.

लहान इंजिनाला ताकद बेताची, म्हणून विमान हलकं ठेवावं लागे, आणि हलकं ठेवायचं तर चाकं परवडत नसत. ते हातानेच हवेत सोडावं लागे. मोहिल्यांचे दोन्ही हात पेटीवर अडकलेले, तेव्हा सोडायचं काम पद्मिनीचं. ती पदर खोचायची, विमान डोक्यावर धरायची, वाऱ्याच्या तोंडाला वीसेक पावलं पळायची आणि ते सरळ पुढे ढकलायची. नाक जरा वर गेलं तर विमान गटांगळी खाणार, खाली गेलं तर माती. पहिल्या तीन वेळा पडलं. चौथ्या वेळी तिला ते जमलं, आणि मग असं जमलं की इंजिनाच्या आवाजावरून ती सांगायला लागली, ‘थांबा, अजून खोकतंय ते.’

इंजिनाच्या तेलात एरंडेल असे, ते उडून तिच्या तोंडावर आणि साडीवर येई. त्यासाठी तिने एक वेगळी साडीच काढून ठेवली होती. मोहिले पळण्याआधी विचारायचे, ‘वारा कुठून वाटतोय तुला?’ ती डोळे मिटून गालावर वारा घ्यायची आणि सांगायची. अख्ख्या आठवड्यात नवऱ्याने तिला विचारलेला तो एकच प्रश्न. परतताना सरोजिनी नगरात चहा आणि खस्ता कचोरी व्हायची, पद्मिनी बोलत राहायची आणि मोहिले ऐकत राहायचे. संसार असा आठवड्यातून एकदा, उघड्या माळावर होत होता.

अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरात ते घडलं. त्या दिवशी पद्मिनी पळाली, पण शेवटच्या पावलाला हात डगमगला आणि विमान नाकाने खाली गेलं. जमिनीला घासता घासता मोहिल्यांनी ते उचललं, वर नेलं, आणि एका डोळ्याने बाजूला पाहिलं तर पद्मिनी मातीत बसली होती, छातीवर हात धरून, तोंड उघडं टाकून. त्यांना जाता येईना. विमान वर, पेटी हातात, नजर काढली की विमान गेलं. ते उतरवायला दोन मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मोहिल्यांनी काय काय पाहिलं ते त्यांनाच ठाऊक. त्यांचे वडील असेच एकदा अंगणात छातीवर हात ठेवून बसले होते आणि उठले नव्हते.

ते धावत गेले तोवर तिचा श्वास जागेवर आला होता. काही नाही, जरा दम लागला, असं ती म्हणाली, आणि विमानाला काही झालं का ते विचारलं. मोहिल्यांनी मान हलवली. घरी येईपर्यंत त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. भीती बोलून दाखवली की ती खरी होते असं या शास्त्राच्या घरात राहणाऱ्या माणसाला मनापासून वाटत होतं. पुढच्या आठवड्यात तिला डॉक्टरकडे नेलं तेसुद्धा आपल्याच खोकल्याच्या निमित्ताने. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे, फार धावपळ नको.

त्याच सुमारास जुनं इंजिन झिजून टेकीला आलं. पद्मिनीचा धाकटा भाऊ नंदकुमार बोटीवर इंजिनियर होता. त्याचं पत्र आलं: बोट फेब्रुवारीत जपानला लागतेय, दाजींना एक इंजिन आणू शकतो, कितीचं हवं ते आठ दिवसांत कळवा. एकच आणता येईल.

मोहिले आलेखाचे कागद घेऊन बसले. वजन, पंखांचं क्षेत्रफळ, वाऱ्याचा जोर, सगळं मांडलं. जुन्याच विमानात मोठं इंजिन घातलं तर नाक जड होणार, पंख थरथरून निखळणार; म्हणजे सव्वातीन घ्यायचं तर जुनं विमान आणि जुनीच रीत. साडेसहा सीसी घ्यायचं तर विमान नवीन, दुप्पट वजनाचं, पण त्याला जाडजूड चाकं लावता येतील. ते त्या खडबडीत माळावरून स्वतःच्या जोरावर पळेल आणि उठेल. कुणी धावायला नको.

कॅप्टन रिझवींना त्यांनी कागद दाखवले. त्यांनी ते शांतपणे पाहिले आणि म्हणाले, “मोहिले साहब, इंजन उतना ही लीजिए जितना जहाज़ माँगे. आपका जहाज़ तो छोटा ही माँग रहा है.” हिशेबाच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होतं. पण आपल्याला मोठं का हवं, हे मोहिल्यांनी त्यांनाही सांगितलं नाही. असल्या गोष्टी बाहेर बोलायच्या नसतात, आणि घरात तर त्याहून नसतात.

पद्मिनी कणीक मळता मळता म्हणाली की लहानच मागवा ना, आपलं चांगलं चाललंय की. बस्, मोहिल्यांना निमित्त मिळालं. जो माणूस दिवसाकाठी दहा वाक्यं बोलत नसे तो अर्धा तास बोलला: मोठं इंजिन कमी तापतं, वाऱ्यात टिकतं, पंखा मोठा लागतो, अमुक वजनाला तमुक सीसी. खरं कारण सोडून सगळी कारणं सांगून झाली. पद्मिनीने कणीक झाकून ठेवली आणि हात धुतले. दुसऱ्या दिवशी पत्र गेलं, साडेसहा.

इंजिन जूनमध्ये आलं, नंदकुमारच्या पायमोज्यात गुंडाळून. विमान बांधायला पुढची थंडी उजाडली. पंखांना कागद चढवायचं काम नेहमीप्रमाणे पद्मिनीने केलं, एक सुरकुती न ठेवता. मग मोहिल्यांनी चाकं बसवली. तिने विचारलं, याला चाकं?

“आपोआप उठेल आता,” मोहिले म्हणाले. “तुला पळायचं काम नाही.”

एवढं बोलून ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. वर्षभर मनात जपलेली भेट त्यांनी तिच्या हातात दिली होती. पद्मिनी म्हणाली, “अच्छा.” लखनऊच्या अच्छाचे वीस अर्थ होतात, मोहिल्यांनी त्यातला आपल्या सोयीचा घेतला.

पहिल्या उड्डाणाच्या सकाळी ती डागांची साडी नेसून जिना उतरली. खाली मोहिले स्कूटरशी झटत होते. नवे पंख साडेपाच फुटांचे आणि चांगलेच रुंद. मागच्या सीटवर जुनी गोधडी घालून त्यावर आडवे बांधल्याशिवाय ते जाईनात, आणि मोठं धड पुढे पायांशी. दोऱ्या आवळून झाल्यावर त्यांनी मान वर केली. पद्मिनी शेवटच्या पायरीवर उभी होती. दोघांनी एकदमच सीटकडे पाहिलं. महिनोन् महिने तोळ्या-माशाचा हिशेब करणाऱ्या माणसाच्या एका साध्या गोष्टीकडे लक्षच गेलं नव्हतं, की मागे आता माणूस बसू शकत नाही.

“आज ट्रायल घेऊन येतो,” ते म्हणाले. “पुढच्या खेपेला टेम्पोचं काहीतरी बघू.”

“या जाऊन,” पद्मिनी म्हणाली, आणि वर गेली.

विमान पहिल्याच दमात उठलं. ठोंबांवरून धडधडत गेलं आणि अशा ऐटीत वर चढलं की मोहिल्यांचं गणित कुठेही चुकलं नाही असं कुणीही म्हटलं असतं. म्हणायला तिथे कुणी नव्हतं. वारा फिरल्यासारखा वाटला तेव्हा त्यांनी सवयीने बाजूला तोंड केलं, प्रश्न ओठांवर आला, आणि त्यांनी तो गिळला. परतताना ते चहाला थांबले नाहीत.

टेम्पोचं काही झालं नाही. पुढच्या रविवारी पद्मिनीला मालकीणबाईंकडे काम निघालं, त्याच्या पुढच्या रविवारी डोकं दुखत होतं. मग तिने कारणं देणं बंद केलं आणि मोहिल्यांनी विचारणं. ते मनाशी म्हणत, बरं झालं, तिला आराम मिळतोय. अशाच एका रविवारी ती बोहारणीला ती डागांची साडी देऊन मोकळी झाली. अशी साडेपाच वर्षं गेली. विमानाचं काहीही बिघडलं नाही, इंजिन तर घड्याळासारखं चालत होतं. घरात मात्र आता ‘बरं’ सुद्धा कमी लागायला लागलं.

पंच्याऐंशीच्या सप्टेंबरात नंदकुमार चार दिवस राहायला आला. तो बोलका, घरात एकदम माणसं आल्यासारखी वाटली. जेवताना त्याने सहज विचारलं, “दाजी, एवढं दांडगं इंजिन का मागवलंत तुम्ही? तायडीचं पळणं बंद पाडलंत.”

वेळच अशी होती की मोहिल्यांच्या तोंडून ते निघून गेलं. “तिला धाप लागायची,” ते म्हणाले. “एकदा खाली बसली होती. मी घाबरलो. पुन्हा तिला पळवायचं नव्हतं मला.”

पद्मिनी वाढायची थांबली. मग तिने नंदकुमारच्या ताटात आणखी भात वाढला आणि विषय निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दोघं त्याला चारबाग स्टेशनवर गाडीत बसवून सायकलरिक्षाने परतत होती. दुपार होती, आलमबागेचा रस्ता टेम्पोंनी भरलेला. पद्मिनी समोर रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत होती.

“त्या दिवशी माझ्या हातून विमान खाली गेलं,” ती म्हणाली. “मला वाटलं, म्हणून तुम्ही चाकं लावलीत. मी नीट सोडत नव्हते म्हणून. सहा वर्षं मला तेच वाटतंय.”

मोहिले तिच्याकडे वळले. “तू कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही वारा सोडून दुसरं काही विचारलंत कधी?” आवाज चढलेला नव्हता. मग तीच म्हणाली, “सांगितलं असतंत ना, मी चालत जाऊन सोडलं असतं. नाहीतर नुसती बसले असते तिथे.”

मोहिले घाईघाईने म्हणाले की नंदूला आजच पत्र टाकतो, सव्वातीनचं आणायला सांगतो, जुनं विमान माळ्यावर आहे, आठ दिवसांत उभं करतो. बोलता बोलता त्यांनी बोटांवर वजनंसुद्धा मोजायला घेतली. पद्मिनीने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि मोजणी थांबवली.

“आता नको,” ती म्हणाली. “आता मला त्यातलं काही नकोसंच झालंय हो.”

पुढच्या रविवारी मोहिले माळावर गेले, कारण रविवारी दुसरं काय करतात हे त्यांना माहीत नव्हतं. विमान उठलं. टाकीत बारा मिनिटांचं तेल होतं. दरवेळी ते आठव्या मिनिटाला विमान खाली घेत. त्या दिवशी त्यांनी घेतलं नाही. घिरट्या घालत राहिले, दहा, अकरा. ते उतरलं की घरी जावं लागणार होतं, आणि घरी गेल्यावर, इतक्या वर्षांनी, काहीतरी बोलावं लागणार होतं. इंजिन बंद पडल्यावरही विमान बराच वेळ तरंगत राहिलं, आणि मोहिले खाली उभे राहून पहिलं वाक्य काय म्हणायचं ते शोधत होते.