सुभेदाराची तहान

आमच्या सुभेदाराला तहान भारी. कॉम्प्युटरसमोर बसला की शेजारी तांब्या हवाच, आणि तो रिकामा झाला की जागचं न उठता आतल्या खोलीकडे हाक जायची, "आये, पानी दे की गं!" सांगलीत हळदपेठेच्या मागे त्याचं दोन खोल्यांचं घर. त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, पदराला हात पुसत तांब्या आणून ठेवायच्या. "पोटात काय हीर हाय का रं तुझ्या?" म्हणायच्या. आम्ही खो खो हसायचो.

सुभेदार हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. सैन्यभरतीत छाती मापाला कमी पडली म्हणून गडी परत आला, आणि कराडला कॉलेजात आम्ही त्याला परस्पर बढती देऊन टाकली. त्यानेही ती मनावर घेतली. खुर्चीतसुद्धा पाठ ताठ ठेवून बसायचा.

त्याचं रणांगण म्हणजे एक मेलेला गेम. जगभरच्या पोरांनी ऑनलाइन जमून एकमेकांवर गोळ्या झाडायच्या, असा. परदेशातल्या कंपनीने तो बाजारात आणण्याआधीच रद्द केला, पण चाचणीसाठी वाटलेली प्रत काही हौशी लोकांकडे उरली होती. ते ती आपापल्या परीने दुरुस्त करून खेळत. सुभेदार त्यांच्यात सामील झाला. आठवडाभर आडतीच्या दुकानात बिलं करायची आणि रविवारी गेमची डागडुजी. "कंपनीनं टाकलं म्हनून आपन बी टाकायचं व्हय? पोरकं पोर हाय ते," म्हणायचा.

त्याने गेममध्ये कृष्णाकाठचा घाट उभा केला, आड लपायला हळदीची पोती रचली. एकच गोष्ट त्याला खुपायची. जखमी शिपाई इंग्रजीत ओरडायचे. "मरताना कोन इंग्रजीत वरडतं रं? मानसाला तवा आई आटवती." शिपाई पडला की सोबत्याने पाण्याची बाटली घेऊन धावायचं, असा गेमचा मूळ नियमच होता. मी म्हणालो, "मग तुझी रोजची हाकच टाक की!" त्याने ती लगेच मोबाइलवर भरली आणि प्रत्येक शिपायाच्या तोंडी घातली.

त्या हाकेने नुसती धमाल उडवली. ब्राझील, पोलंडचे खेळाडू एकमेकांना "आये, पानी" लिहून पाठवू लागले. आम्ही तर ती ऐकायला आपल्याच बाजूच्या शिपायाला पाडायचो. इकडे सुभेदाराचे शर्ट ढगळ होत चालले होते. मी त्यावरही बोललो, "सुभेदार, आता तर छाती अजूनच कमी भरायची!" तो हसला आणि त्याने तांब्या तोंडाला लावला.

मग एक दिवस तो दुकानातच कोसळला. गेलेली शुद्ध परत आलीच नाही. साखर बेसुमार वाढली होती. डॉक्टरांनी विचारलं, "एवढी तहान लागत असेल, वजन उतरलं असेल, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" लक्षात आलं होतं की. आम्ही त्याची गंमत करून जगभर वाटली होती.

परवा काकूंनी बोलावलं म्हणून साताऱ्याहून गेलो. "फोटू लय हायती त्येचं. आवाज कुटंच न्हाई. तुमच्या त्या खेळात हाय म्हनं?" नुसता आवाज वेगळा काढून देण्याची विद्या सुभेदारापाशीच होती, मला फक्त खेळता येतं. मी लॅपटॉप उघडला, घाटावर सरावासाठी उभा असलेला एकटा शिपाई दाखवला. "काकू, याला गोळी लागल्याशिवाय हा बोलत नाही."

काकू पडद्याजवळ सरकल्या. "मग मार."

मी मारली. शिपाई पडला. "आये, पानी दे की गं!"

"आले, आले," म्हणत काकू उठून आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात भरलेला तांब्या होता. पडद्यासमोर त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. मग तांब्या माझ्यापुढे धरला. "आनलंय तर तू पी."

नको म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती. तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि प्यायलो.

"परत मार," पदर सावरत त्या माझ्याशेजारी टेकल्या. "आता बसून ऐकते."

शिपाई पुन्हा उठून उभा राहिला होता, पाठ ताठ ठेवून. मी नेम धरला. एवढ्या जवळून चुकणार तरी कसा?