समितीनं विचारलं, मी नाही

मित्रांनो, दुपारी घरी आलोय, ताट बाजूला ठेवून लिहितोय.

माझी धाकटी बहीण हुपरीत घरीच पैंजणांचं काम करते. तिच्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. तिच्या थोरल्या दिराची किडनी जुळत होती. पण "त्याच्यावर घर चालतंय," म्हणत सासूनं हिचं नाव पुढं केलं. हिचीही जुळली.

आज कोल्हापुरात दवाखान्याच्या समितीपुढं तिची मुलाखत होती. डॉक्टरांनी तिला एकटीला आत घेऊन विचारलं, "कुणाची जबरदस्ती आहे का?"

"न्हाय," ती म्हणाली.

बाहेर चहा पिताना मी विचारलं, "खरंच मनापासून देतीयास?"

"आत्ता इचारतोस व्हय, दादा? नको म्हटलं असतं तर जाणार कुठं? तू ठेवून घेतलं असतंस मला?"

मी लगेच हो म्हणायला हवं होतं. मी चहाचे रिकामे कप द्यायला उठलो.

सकाळपर्यंत मी तिच्या सासूला शिव्या घालत होतो. पण बहिणीच्या संमतीच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही माझी आहे.

तुमच्या घरात अशी वेळ आली, तर पहिलं नाव कुणाचं निघेल? खरं सांगा.