मावशीची शाळा, फादरांची शाळा

आमच्या पॅरिशची, म्हणजे चर्चभोवतालच्या वस्तीची, गोष्ट सांगणारे लोक नेहमी फादरांपासून सुरुवात करतात. फादर आले, त्यांनी झुडपं तोडली, चर्च उभं केलं, शाळा काढली. हे ऐकताना माझ्या तोंडाची चव जाते. शाळा माझ्या मावशीनं काढली होती. मी तिथंच वाढले.

चांदा गावाबाहेर, रेल्वेच्या क्वार्टरांपलीकडे, सागाच्या डेपोपाशी आमची वस्ती होती. खाणीत काम करणारी तेलुगू ख्रिस्ती कुटुंबं, रेल्वेतले काही जण आणि आमच्यासारखी दोनचार मराठी घरं. डेपोनं टाकून दिलेलं एक टिनाचं शेड फादरांना मिळालं. रविवारी तिथं मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, व्हायची, बाकीचे दिवस शाळा. माझे आईवडील तापात गेले तेव्हा मावशीनं मला आपल्याकडे आणलं. तिचा नवरा रेल्वेत खलाशी होता, तो त्याआधीच वारला होता. ती नागपूरला सिस्टरांकडे राहून सातवी शिकली होती आणि आमच्या वस्तीत तेवढं शिकलेली दुसरी बाई नव्हती.

फादर परदेशातले. त्यांचं मराठी पुस्तकातलं. ते मावशीला म्हणाले, "आपण मुलांना गोळा करावे." गोळा करणं म्हणजे काय, ते मावशीच जाणे. ती रोज सकाळी मला घेऊन जंगलाच्या कडेच्या गोंडांच्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, जायची, तिथून मुसलमानांच्या मोहल्ल्यात. दारात उभी राहून भांडायची, "काऊन जी, पोरीले घरी ठेवून काय करून राह्यले? तिले माह्याकडं पाठवा." टोल्यावरच्या पोरींना मराठी येत नव्हतं, म्हणून ती त्यांच्या आयांकडून गोंडी शिकली. फळ्यावर 'पाणी' लिहायची आणि तोंडानं 'येर' म्हणायची. पोरी हसायच्या, आणि शब्द लक्षात ठेवायच्या.

बाकं मोहल्ल्यातल्या मिस्त्रीनं केली. तो विधुर होता, बोलायला कमी. लहान मुलांचे पाय लोंबकळतात हे पाहून त्यानं कुणी न सांगता पुढच्या ओळीची बाकं बुटकी केली. मग फादरांनी त्याच्याकडून चर्चची वेदीही करून घेतली. त्या कामाला बरेच महिने लागले. मावशी शिकवायची आणि मागं रंधा चालायचा. कधीतरी ती मध्येच थांबून म्हणायची, "मिस्त्री, पाढे चालू हायेत, थोडं हळू." तो लगेच थांबायचा, आणि पाढे संपेपर्यंत तिच्याकडे बघत बसायचा.

लग्न करायचं ठरलं तेव्हा लपवाछपवी त्यांनी केली नाही. दोघं मिळून फादरांकडे गेले. मी मावशीच्या पदराला धरून होते.

फादर शांतपणे म्हणाले, "बिशपांची परवानगी मागता येईल. मात्र आपल्याला लिहून द्यावे लागेल की होणारी मुले कॅथलिक होतील."

मिस्त्री म्हणाला, "फादर, बाईच्या प्रार्थनेले मी कधी आडवा येनार नाई. पन जे लेकरू अजून जन्मलंच नाई, त्याच्या वतीनं मी सही कशी करू?"

"मग विवाह येथे होणार नाही. आणि बाहेर केलात, तर बाई शाळेत राहू शकणार नाहीत."

फादर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी मायेनं बोलले.

पुढं काही दिवस मावशी धड जेवली नाही. मग एके दुपारी, शाळा सुटल्यावर, तिनं मिस्त्रीला शेडाच्या दारातच सांगितलं, "मी शाळा सोडली तं टोल्यावरच्या पोरी घरी बसतीन. तुमी दुसरीकडं लगन करून टाका."

"आनि तुमी?"

"मले शाळा हाये ना."

मिस्त्रीनं हत्यारं आवरली. तो अहेरीकडे जंगलाच्या कामावर गेला. त्यानं तिकडेच लग्न केल्याचं पुढं त्याच्या भावाकडून कळलं. मावशी त्या दिवशी शिकवत होती. तिनं फक्त फळा पुसला आणि पुन्हा तेच लिहिलं.

मग नवी शाळा झाली. विटांची, कौलारू, मोठं फाटक असलेली. जुने फादर बदलून गेले, नवे आले, आणि त्यांच्यामागून शिकवण्याचं रीतसर शिक्षण घेतलेल्या सिस्टर आल्या. नव्या फादरांनी मावशीला बोलावलं.

"बाई, तुमची भाषा मुलांच्या तोंडी बसते. सगळी मले-तुले करतात. आता सिस्टर शिकवतील. तुम्ही बोर्डिंगचं स्वयंपाकघर सांभाळा. तुमची भाचीही इथंच शिकेल."

मावशीनं एवढंच विचारलं, "टोल्यावरच्या पोरी कोन आनन?"

"येणाऱ्या येतील."

एकही आली नाही. जंगल ठेकेदारांच्या आणि साहेबांच्या मुली मात्र टांग्यातून यायला लागल्या.

मी वर्गात बसायचे आणि भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाज यायचा. एकदा पंगतीत एका मुलीनं हाक मारली, "बाई, वरण वाढा ना." मावशीनंच तिला अ आ शिकवलं होतं. सिस्टर चटकन म्हणाल्या, "बाई शिकवणाऱ्यांना म्हणतात. ह्यांना मावशी म्हणायचं." सगळ्या पोरी एका सुरात 'मावशी, मावशी' करायला लागल्या. शाळा घेतली, माणूस घालवला, आता मी तिला ज्या नावानं हाक मारायचे तेही चुलीपाशी नेऊन ठेवलं. मावशीनं वरण वाढलं. मग ती पुढच्या ताटाकडे सरकली. मला तिचा फार राग आला.

ती का थांबली आहे, हे मला कळलं नव्हतं. मी सातवी पास झाले त्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, आधी चर्चमध्ये जाऊन देवाचे आभार मान. मी धावत स्वयंपाकघरात गेले. तिचं गाठोडं बांधून तयार होतं.

"झाली सातवी? चाल आता."

फाटकाशी फादर भेटले. म्हणाले, "बाई, अशा एकाएकी? तुमची इतकी सेवा झाली आहे इथं."

"सेवा नाई फादर," मावशी म्हणाली, "मी शिकवत होती."

आम्ही नागभीडला तिच्या दिराकडे गेलो. तो तिथं रेल्वेत होता. घर लहान, माणसं पुष्कळ. मला पुढं शिकता आलं नाही. मावशी लोकांच्या बांध्यांत धानाची रोवणी करायला जाऊ लागली आणि मीही तिच्यासोबत. तिथंही चर्च होतं. ती गेली नाही. दीर बोलला, जाऊ बोलली, तरी नाही.

एका पावसाळ्यात आम्ही ओळीनं वाकून रोवत होतो. शेजारच्या बाईनं कुठून तरी ऐकलं असावं. ती म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या हा म्हनते. माह्या पोरीले दोन अक्षरं सांगा ना घरी येऊन."

मावशी वाकलेलीच होती. हातातली रोपांची पेंडी तिनं दुसऱ्या हातात घेतली.

"मले नाई येत," ती म्हणाली, "मले लिहता-वाचता नाई येत."

आणि ती पुढं रोवत गेली.