भिंतीवरचे पाय

खिडकीताई वेबसाइटचा पहिला आराखडा दाखवते तेव्हा गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. सगळीकडे राखाडी चौकोन. त्यात तिच्याच अक्षरात लिहिलेलं असतं, 'इथे तुमच्या दुकानाचा फोटो येईल. तो अजून काढायचा आहे.' खाली आणखी एक चौकोन, 'हा मजकूर तुम्ही सांगणार आहात.' एका दंतवैद्यांनी ते बघून हळूच विचारलं होतं, आमचा दवाखाना इतका उदास वाटतो का हो? ती हसली. म्हणाली, दवाखाना छान आहे, चित्रच उदास आहे आणि ते मुद्दाम तसं ठेवलंय.

पूर्वी असं नव्हतं. तिचे आराखडे देखणे असायचे. घोडं तिथेच अडलं.

तिला हे नाव पडलं ते इस्पितळात. आठ वर्षं ती चौकशीच्या खिडकीमागे बसली. काचेला एक गोल भोक होतं, तेही छातीच्या उंचीवर. माणसं वाकून त्यात बोलायची. ती सांगायची, दुसरा मजला, डावीकडे, तिसरं दार. माणसं मान डोलवायची आणि उजवीकडे निघून जायची. अर्ध्या तासाने तीच माणसं पुन्हा वाकलेली दिसायची, आता डोळ्यांत पाणी घेऊन.

मग तिने एक प्रश्न शोधून काढला. पत्ता सांगून झाला की ती विचारायची, "आता तुम्ही कुठे जाणार?" माणूस सांगायला लागायचा, आणि चूक तिथल्या तिथे बाहेर पडायची. रांगेतले मागचे लोक कुरकुरायचे. पण तिच्या खिडकीवर दुसऱ्यांदा कुणी येत नसे. शिपाई, नर्सबाई, रोजचे पेशंट, सगळे तिला खिडकीताई म्हणू लागले. खरं नाव हजेरीपुस्तकात राहिलं.

पुढे खिडकीच्या जागी एक पडदा आला. बोट लावलं की नकाशा उघडायचा. लोक त्याच्यासमोरही मान डोलवत उभे राहायचे आणि उजवीकडे जायचे. ताई दोन दिवस कोपऱ्यातल्या बाकावर बसून बघत राहिली. हे कुणी बनवलं असेल, त्याने कुणाला काही विचारलं असेल का, असं तिच्या मनात आलं. एकतिसाव्या वर्षी तिने वेबसाइट बनवायचा वर्ग लावला. वर्गातली मुलं तिच्याहून दहा वर्षांनी लहान होती. तिला त्याचं काही वाटलं नाही.

घराची पुढची खोली हेच तिचं ऑफिस. खाली लाँड्री आहे. खिडकी उघडली की इस्त्रीची वाफ वर येते आणि लॅपटॉपचा पडदा धुरकट होतो. मागच्या खोलीत आई. आई हीच तिची परीक्षक. प्रत्येक वेबसाइट आधी आईच्या तडा गेलेल्या फोनवर उघडायची. आईने "आता मी काय दाबू गं?" असं विचारलं की ते पान नापास. आई हे पद फार गांभीर्याने घेते. एका वकिलाची अख्खी वेबसाइट तिने तीन वेळा नापास केली होती, वर म्हणाली होती, याच्याकडे जाण्यापेक्षा मी गुन्हा कबूल करीन.

गिऱ्हाइकांनाही ताई तोच जुना प्रश्न विचारायची, फक्त जरा बदलून. बोलणं संपलं की, "आता मला सांगा, आपलं काय ठरलं?" काहींना राग यायचा. परीक्षा घेताय का आमची, असं एक फर्निचरवाला फणकारला होता. ती म्हणाली, "तुमची नाही, माझी. मी नीट सांगितलं का, ते बघते." तो सांगायला लागला आणि तिसऱ्याच वाक्याला कळलं, त्याला दुकान विकायचं होतं, वेबसाइट नकोच होती.

इतकं सगळं पक्कं ठाऊक असलेली बाई. तरी बूटकाकांच्या वेळी ती विचारायची राहिली.

बूटकाका जुळत नसलेल्या पायांचे बूट करतात. एक पाय आखूड, एखाद्याची बोटं गेलेली, एखाद्याचा घोटा कायमचा सुजलेला. असे पाय घेऊन माणसं त्यांच्याकडे येतात. जुनी गिऱ्हाइकं वयाने गळत चालली होती आणि नव्यांना पत्ताच माहीत नव्हता. म्हणून त्यांच्या सुनेने त्यांना ताईकडे पाठवलं.

ते जिना चढून आले ते ताईच्या पायांकडे बघतच. "डावा जास्त टेकवतेस तू," म्हणाले. नमस्कार त्यानंतर. ताईला ते तिथेच आवडले. दहा मिनिटांत त्यांनी आपलं काम सांगितलं. तिने लिहून घेतलं. दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. फोटो काढायला नंतर येईन, असं ती म्हणाली. आराखड्यात तोवर एक विकतचा फोटो टाकला. पांढरी स्वच्छ भिंत. काचेचं कपाट. त्यात चारच तपकिरी बूट, लांब लांब ठेवलेले. कोपऱ्यात कुंडीत एक झाड.

काकांनी तो फोटो पुष्कळ वेळ बघितला. मग म्हणाले, छान आहे. बाकी पानांवरूनही त्यांची नजर फिरली. छान आहे, छान आहे. शेवटी त्यांनी एकच मागितलं. हा फोटो मला कागदावर मिळेल का?

ताई खूश झाली. तिने लगेच छापून दिला. काकांना बस गाठायची होती. चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की त्यांना प्रश्न विचारणं तिला उद्धटपणाचं वाटलं. त्यांनी कागदाची गुंडाळी केली आणि ते जिना उतरले.

अकरा दिवसांनी, दुपारी पावणेतीनला, सुनेचा फोन आला. ती खालच्या आवाजात बोलत होती.

काकांनी भिंत रंगवली होती. काचेचं कपाट आणलं होतं. हे सगळं ताईच्या चित्राप्रमाणे. ते ठीक. पण भिंतीवरचे पाय त्यांनी उतरवले होते. पाय म्हणजे लाकडी साचे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायांची हुबेहूब जोडी, ज्यावर चामडं ताणून बूट शिवतात. पाय सुजला की साच्यावर चामड्याचा तुकडा ठोकायचा, सूज उतरली की काढायचा. शंभरावर जोड्या, चाळीस वर्षांच्या. सगळ्या गोण्यांत भरल्या होत्या. बेकरीवाल्याला भट्टीसाठी लाकूड हवंच असतं. सकाळी त्याची हातगाडी एक गोणी घेऊन गेली. बाकीच्या चार वाजता जाणार होत्या.

"मी अडवलं तर म्हणतात, मॅडमनी ठरवलंय," सून म्हणाली. "ताई, तुम्ही खरंच असं ठरवलंत?"

काकांना फोन द्या, असं ताई म्हणाली. पण त्यांचे हात रंगाचे होते आणि रंगाच्या हाताने ते फोन घेत नसत. तिने चपला चढवल्या. लॅपटॉप उघडाच राहिला.

बस चार थांब्यांवर उगाच रेंगाळली. ती पोचली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते.

दुकान एका खोलीचं होतं. पांढरी भिंत, त्यावर खिळ्यांची भोकं लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवलेली. ठिपके अजून ओले होते. काचेच्या कपाटात चार तपकिरी बूट होते. काकांनी फोटोवर पट्टी ठेवून अंतरं मोजली होती. तो छापील कागद मापाच्या टेबलावर टाचून ठेवला होता. दाराशी पाच गोण्या. एका गोणीच्या तोंडातून लाकडी टाच बाहेर आली होती.

"बघ," काका म्हणाले. "त्या चित्रातलं झाड तेवढं राहिलंय. उद्या आणतो."

ताईला कळलं, हे सगळं परत लावा असं आपण नुसतं म्हटलं तरी हा माणूस लावेल. मान डोलवेल आणि लावेल. का, ते विचारणार नाही. आणि पुढच्या वेळी पुन्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून काहीतरी उतरवेल. गिऱ्हाइकं बसतात त्या बुटक्या स्टुलावर ती बसली. मग तिने अकरा दिवस उशिरा तो प्रश्न विचारला.

"काका, आपलं काय ठरलं होतं, ते मला सांगाल?"

काका चक्रावले. पण सांगू लागले. तू माझं ऐकून घेतलंस. मग विचार करून चित्र काढून दिलंस. दुकान असं पाहिजे. लाकडं अडगळ दिसतात. आणि ते खोटं नाही. परवा सुनेची मैत्रीण आली होती, भिंतीवर इतके पाय बघून दचकली बिचारी. म्हटलं, बरं झालं, कुणीतरी सांगितलं.

"काढताना वाईट वाटलं नाही?"

काका हाताचा रंग फडक्याला पुसत राहिले. बोटं स्वच्छ झाली तरी पुसत होते.

"वाटणारच की. पण पायांतलं मला कळतं. हे तुझ्यातलं तुला कळतं. मी कशाला मध्ये बोलू?"

"तो फोटो मी विकत घेतला, काका. ते दुकान कुणाचं, मला माहीत नाही. जागा भरायला टाकला होता. तुमचं दुकान मी आज पहिल्यांदा बघतेय. हे मी तुम्हाला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. आणि त्या दिवशी हा प्रश्नही विचारायला हवा होता."

काकांनी कागदाकडे बघितलं. मग कपाटाकडे. मग पुन्हा कागदाकडे.

"म्हणजे मी कुणासारखं दुकान केलं?"

"नाही माहीत."

दारात सून उभी होती. तिने तोंडावर हात धरला, पण हसू बोटांतून निसटलंच. काकांनी तिच्याकडे रागाने बघितलं. मग त्यांचेच खांदे हलायला लागले. ताईला मात्र हसू येईना. काकांनीच तिला पाणी दिलं.

चारला गाडी आली. बेकरीवाला नाराज झाला, शब्द दिला होतात म्हणाला. सुनेने कपाटाबरोबर आलेल्या फळ्या आणि जुनं दार त्याच्या गाडीवर चढवलं, तेव्हा तो थंडावला. सकाळच्या गोणीचं विचारलं तर त्याने खाली बघितलं. दुपारचे पाव त्या लाकडावरच भाजून झाले होते.

काका स्टुलावर बसले. मग ते म्हणाले, लिही.

ताईने वही काढली. काकांनी डोळे मिटले आणि गेलेल्या गोणीतले पाय सांगायला लागले. पोस्टातल्या बाई, डावा बोटभर आखूड. घड्याळजी, उजव्याची दोन बोटं नाहीत, थंडीत तिसरंही दुखतं. शाळेच्या बसचा ड्रायव्हर, टाच वाढलेली, पण सांगत नाही, विचारावं लागतं. सून अधूनमधून नाव सुचवायला बघायची आणि काका हात वर करून तिला थांबवायचे. एकोणीस जोड्या. एकदाही अडखळले नाहीत. ताईचा हात दुखायला लागला. तिला वाटलं, त्या दिवशी जिना चढून आलेल्या माणसाकडून आपण दहा मिनिटांचं ऐकलं, आणि तेवढ्यावर कामाला लागलो.

त्या एकोणीस जणांना सुनेने फोन केले. काकांनी काय सांगायचं ते ठरवून दिलं होतं. चूक आमची झाली, पुन्हा माप द्यायला या. ताई म्हणाली, माझी झाली असं सांगा. काका म्हणाले, तुझं दुकान आहे का हे? महिन्याभरात चौदा जण येऊन गेले. एक जण आता नव्हते, त्यांची बायको येऊन सांगून गेली. पोस्टातल्या बाई आल्या त्या भांडायच्या तयारीने. माप देऊन झाल्यावर म्हणाल्या, मेली जुनी जोडी नाहीतरी चावायचीच.

पाय पुन्हा भिंतीवर गेले. लांबी भरलेल्या भोकांशेजारी नवे खिळे ठोकावे लागले. काका ठोकायचे, ताई खिळे धरायची. वेबसाइटवर आता त्याच भिंतीचा फोटो आहे. मधल्या रिकाम्या खिळ्यांसकट. ते भरेपर्यंत थांबू या, असं ताईचं म्हणणं होतं. काका नको म्हणाले. वेबसाइटच्या बाबतीत पहिल्यांदाच ते तिच्या एखाद्या गोष्टीला नको म्हणाले. आईनेही आपल्या फोनवर ते पान उघडलं आणि काही न विचारता बरोबर ठिकाणी बोट लावलं.

काम संपलं त्या दिवशी काकांनी ताईला त्या बुटक्या स्टुलावर बसवलं. पाय कागदावर ठेवायला लावले. पेन्सिल फिरवली. पट्टी लावली. पुन्हा लावली. कपाळाला आठ्या पडल्या.

"मी तुला काय म्हणालो होतो? आलो त्या दिवशी?"

"डावा जास्त टेकवतेस."

"चुकलं. बघून म्हणालो होतो, मोजून नाही." त्यांनी कागद तिच्यासमोर धरला. "उजवा टेकवतेस तू. डावा नुसता जपतेस. पडली होतीस का कधी?"

पडली होती. इस्पितळाच्या जिन्यात, एका म्हातारीला डावीकडचं दार दाखवायला धावताना. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. तिने ते सगळं सांगितलं. काकांनी पेन्सिलने कागदाच्या कोपऱ्यात दोन ओळी लिहिल्या. मग पेन्सिल कानावर अडकवली.

"आता सांग. काय ठरलं?"

"उजवी टाच आतून उचलायची. डाव्याला घोट्यापाशी मऊ चामडं. पंधरा दिवसांनी घालून बघायला यायचं."

"तीन आठवड्यांनी," काका म्हणाले. "पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितलं.