मागच्या सीटवरचं वजन

नव्या माणसाला काका पहिल्याच भेटीत वजन विचारायचे. नाव, गाव, नोकरी हे सगळं त्यानंतर. बंगळुरातल्या एचएसआर लेआउटमधल्या त्यांच्या घराची वरची खोली बघायला मी गेले, तेव्हा दार उघडून त्यांनी मला चष्म्यावरून एकदा न्याहाळलं आणि म्हणाले, "वजन किती तुमचं?"

मी सांगलीहून नुकती आले होते आणि खोल्या बघून बघून दमले होते. शाकाहारी आहात का, घरी किती वाजता येता, मित्रमंडळी येणार का, असले प्रश्न झेलायची सवय झाली होती. ह्या प्रश्नाला उत्तर तयार नव्हतं.

"बावन्न," मी म्हणाले.

"सामान धरून?"

"नाही, नुसती मी."

काका खूश झालेले दिसले. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, खोली बघायला आलीय ती. आधी आत तरी घ्या."

काकांची सगळी नोकरी विमानांच्या चाकांवर झाली होती, हे मला पुढे कळलं. सरकारी कारखान्यात त्यांच्या खात्याचं काम एकच. विमान जमिनीवर उतरताना जो दणका बसतो, तो पोटात घेणारे पाय तयार करायचे. त्यामुळे समोरची कुठलीही वस्तू किती भाराची आहे हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. शेजाऱ्यांकडे नवा फ्रीज आला तरी ते गेटपाशी उभे राहून अंदाज बांधत, आणि मग जाऊन खोक्यावरचा आकडा वाचून येत. "विमान उडताना सगळे माना वर करून बघतात," ते म्हणायचे. "उतरताना कोण बघतो? आणि आमचं काम चांगलं झालं तर आतल्या माणसाला उतरल्याचं कळतसुद्धा नाही. म्हणून आमच्या खात्याला कधी कुणी हार घातला नाही." ह्याचं त्यांना वाईट वाटत नसे. उलट थोडा अभिमानच होता.

मला ते 'वरची' म्हणत. माझं नाव त्यांना पाठ होतं, पण 'वरचीला चहा दे', 'वरची आली का' असंच चालायचं. महिन्याभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं.

घरासमोर एक जुनी पांढरी गाडी कव्हर घालून उभी असायची. ती काकूंची होती. काकू शहराबाहेरच्या आनेकल गावातल्या एका शाळेत गणित शिकवायच्या आणि तिथे रोज स्वतः गाडी चालवत जायच्या. निवृत्तीनंतरही दर आठवड्याला जात, कारण त्यांच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका सरोजम्मा तिथेच राहत. मग काकूंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं होतं. पण दवाखान्यातून घरी आणताना काकांनी गाडी एका स्पीडब्रेकरवरून नेली, आणि मागच्या सीटवर आडव्या झालेल्या काकूंच्या तोंडून असा आवाज आला, की काकांनी गाडी तिथेच थांबवली. पुढचं अंतर त्यांनी पहिल्या गिअरमध्ये काढलं. त्या दिवसापासून काकू गाडीत बसल्या नव्हत्या. सरोजम्मांना गुडघ्यांमुळे प्रवास होत नसे. दुपारी दोघींचा फोन व्हायचा, तेवढाच.

हे मला काकांनीच सांगितलं, एका रविवारी, गाडीवरचं कव्हर काढताना. "आधी ती म्हणायची, आनेकलला जायचं आहे. मग म्हणायची, बरी झाले की जाऊ. गेल्या वर्षभरात एकदाही म्हणाली नाही." ते कव्हरची घडी घालत राहिले. "तिनं म्हणायचंच सोडून दिलं, ते मला जड जातंय."

पुढच्या आठवड्यात घरी चार लांबट खोकी आली. त्यात कॉइलओव्हर होते. स्प्रिंग आणि तिच्या पोटातला शॉकअब्सॉर्बर असा तो एकच जोड असतो. कंपनीने बसवलेलं सस्पेन्शन जसं असतं तसं घ्यावं लागतं. ह्यात मात्र खालची कडी फिरवून गाडीची उंची कमीजास्त करता येते, आणि वरचा नॉब फिरवून गाडीने धक्का किती मऊ किंवा कडक घ्यायचा ते ठरवता येतं. नॉब फिरताना टिक टिक वाजतो. त्या प्रत्येक 'टिक'ला क्लिक म्हणतात. शेजारच्या कोरमंगल्यातली हौशी पोरं गाडी जमिनीलगत बसावी, वळणावर घट्ट राहावी म्हणून हे बसवतात. काकांनी मात्र त्याच्यासाठी मुद्दाम मऊ स्प्रिंगा मागवल्या होत्या.

बसवायचं काम अण्णांच्या गॅरेजमध्ये झालं. अण्णांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बंगळुरातलं. घरात मराठी बोलायचे, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं की मला पहिल्यांदा अर्धंच कळलं. खोकी उघडून त्यांनी एक स्प्रिंग हातात घेऊन फिरवून बघितली.

"सर, स्वल्प थांबा. हे लोक गाडी खाली कराया बसवतात. तुम्ही वर ठेवून मऊ मागताय. कुणासाठी?"

"बायकोसाठी," काका म्हणाले.

"अक्का रेस खेळतात?"

"नाही. अक्का दोन वर्षं घरात बसून आहेत."

अण्णांनी हातातला पाना खाली ठेवला. "सरी, बरं," म्हणाले, आणि मग दिवसभर दुसऱ्या कुठल्या गाडीला त्यांनी हात लावला नाही.

माझी नेमणूक त्यानंतर झाली. काकूंचं वजन एक्कावन्न होतं. काकूंना बसवून प्रयोग करायचे नाहीत, हे काकांनी ठरवूनच टाकलं होतं. मग त्यांच्या जागी मागच्या सीटवर बसायला माझ्याइतकं योग्य कोण होतं? दर रविवारी सकाळी काका गाडी चालवायचे आणि मी मागे, पाठीला उशी न घेता, हात मांडीवर ठेवून बसायची. लेआउटमधल्या सगळ्या स्पीडब्रेकरांना त्यांनी नावं दिली होती. दवाखान्यासमोरचा 'उंट', उद्यानाजवळच्या तीन बारक्या 'सवती', आणि शाळेच्या कोपऱ्यावरचा, ज्याच्यावरून गेल्यावर काका दर वेळी "माफ कर" म्हणायचे, त्याला नाव नव्हतं. दवाखान्यातून येताना लागलेला तो हाच, हे मी ओळखलं होतं.

प्रत्येक फेरीनंतर चौकशी व्हायची.

"कसं वाटलं?"

"छान."

"छान म्हणजे काय? कुठे लागलं ते सांग. कमरेत, पाठीत, मानेत? लागून थांबलं, की मागून पुन्हा एक हिसका आला?"

मी सांगायची, ते वहीत लिहायचे, मग डिकी उघडून नॉब दोन क्लिक मऊ करायचे आणि पुन्हा 'उंटा'वर. शरीराकडे इतकं लक्ष देऊन मी आयुष्यात कधी बसले नव्हते. पुढे पुढे मला कमरेतला कुठला मणका आधी हलला तेसुद्धा कळायला लागलं. येताना इडली मिळायची, तो मेहनताना.

असं चार महिने चाललं. शेवटी शेवटी गाडी इतकी मऊ झाली की 'उंट' आला आणि गेला तरी कळायचं नाही. मात्र तो गेल्यानंतर गाडी दोनतीन वेळा सावकाश वरखाली व्हायची, आणि त्या वेळी माझ्या पोटात किंचित कालवायचं. हे मी काकांना सांगितलं नाही. ते विचारायचे कुठे लागलं, आणि लागलं तर कुठेच नव्हतं. शिवाय मला रविवार मोकळा हवा होता, हेही खरं. "काहीच लागलं नाही," मी म्हणाले. काकांनी वही मिटली. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की त्यानंतर काही बोलायची सोयच राहिली नाही.

काकूंना तयार करायला आणखी पंधरा दिवस गेले. अखेर एका शनिवारी त्या मागच्या सीटवर बसल्या, मी त्यांच्या शेजारी, आणि आम्ही आनेकलला निघालो. शाळेच्या कोपऱ्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला. गाडी स्पीडब्रेकरवरून गेली. त्यांनी हात सोडला आणि म्हणाल्या, "दुखलं नाही हो." काकांनी आरशातून मागे बघितलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

वाटेतल्या चंदापुराच्या अलीकडे काकूंनी काच खाली केली. मग म्हणाल्या, "गाडी थांबवा." शहाळीवाल्याच्या हातगाडीशेजारी उतरून त्या वाकल्या आणि सकाळचं सगळं बाहेर पडलं. मी पाठीवरून हात फिरवला. काका पाण्याची बाटली घेऊन नुसते उभे होते.

"पाठीत काही नाही," काकू बाकावर बसून म्हणाल्या. "पण पाळण्यात घालून कुणी हलवतंय असं होतंय मघापासून. तुला नाही झालं गं कधी?"

मी मान खाली घातली. "झालं होतं. थोडं."

"मग सांगितलं नाहीस?"

"त्यांनी ते विचारलं नव्हतं."

काका माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "बरोबर आहे. मी विचारलं नव्हतं." आम्ही तिथूनच परत फिरलो. घरी आल्यावर त्यांनी गाडीवर कव्हर घातलं आणि वही कपाटात टाकली. पुढचे आठ दिवस त्यांनी कुणालाही वजन विचारलं नाही. काकू जेवायला वाढायच्या, ते जेवायचे. मी येताजाता खिडकीतून बघायची आणि जिन्यावरून पाय न वाजवता वर जायची. आयुष्यात पहिल्यांदा मला खोटं बोलण्याची इतकी लाज वाटत होती. आणि ते धड खोटंही नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी काकूंनी खालून हाक मारली. मी उतरले तर त्या गेटपाशी काठी घेऊन उभ्या, साडी नेसून तयार, आणि गाडीवरचं कव्हर त्यांनी स्वतः ओढून काढलेलं.

"चावी ह्यांच्या शर्टाच्या खिशात आहे. घेऊन ये."

काका मागोमाग बाहेर आले. "कुठे निघालीस?"

"मी चालवणार आहे."

"डॉक्टरांनी..."

"डॉक्टरांनी हो म्हणून वर्ष होऊन गेलं. ते घरी तपासायला आले आणि तुम्ही औषधं आणायला गेला होतात, तेव्हा. मीच तुम्हाला बोलले नाही, माझीच हिंमत नव्हती." मग जरा थांबून म्हणाल्या, "चार महिने तुम्ही मला मागे बसवायचा विचार केलात. मी ह्या गाडीत मागे कधी बसले होते?"

काका मागच्या चाकाकडे बघायला लागले. मग त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला असावा, कारण ते पुटपुटायला लागले, "मागची सीट येते मागच्या चाकांच्या जवळजवळ डोक्यावर. पुढची येते पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे. तिथे हलतं कमी. आणि चालवणाऱ्याला पुढचं आधी दिसतं, त्यामुळे मळमळत नाही." त्यांनी कपाळावर हात मारला. "एवढं साधं होतं."

काका शेजारी आणि मी मागे बसलो. काकूंनी सीट पुढे घेतली, आरसा नीट केला, आणि 'उंटा'वरून गाडी नेऊन थांबवली.

"ही गाडी पोहतेय. रस्ता कळत नाही मला. कडक करा."

काकांनी बॉनेट आणि डिकी उघडून दोन क्लिक फिरवले.

"आणखी."

"लागेल तुला."

"थोडं लागू दे. कुठे लागलं ते मी सांगेन ना तुम्हाला."

त्या सकाळी काका किती वेळा उतरले ते मी मोजलं नाही. गुडघे दुखतात म्हणणारा माणूस प्रत्येक फेरीनंतर टुणकन बाहेर पडत होता. काकू हुकूम सोडत होत्या, पुढे एक, मागे दोन, नको, एक परत. गणिताच्या बाई वर्गात उभ्या असल्यासारख्या. मधेच त्या हसल्या. मी त्यांना हसताना पाहिलं होतं, पण असं मोठ्याने नव्हे. काकांनी वही आणलीच नव्हती. शेवटी किती क्लिकवर थांबले, ते अजून कुठेही लिहिलेलं नाही.

त्यानंतर महिन्याभराने माझी पुण्यात बदली ठरली. जायच्या आधीच्या रविवारी काकू म्हणाल्या, "चल, सरोजम्माला भेटवते." ह्या वेळी मी पुढे बसले, काकूंच्या शेजारी, आणि काका मागे. मागचं कसं लागतंय ते मी बघतो, असं त्यांनीच सांगितलं होतं. सुरुवातीला ते सूचना देत होते, खड्डा आहे, हळू घे, उजवीकडचा टायर सांभाळ. काकू "हं" म्हणायच्या आणि आपल्या मनाप्रमाणे चालवायच्या. मग सूचना विरळ झाल्या. काकू मला रस्त्यातली प्रत्येक खूण दाखवत होत्या, इथे एकदा पंक्चर झालं, इथे पेरू चांगले मिळतात, ह्या वळणावर शाळेची मुलं हात करायची.

सरोजम्मांच्या घराचं फाटक उघडंच होतं. ठेंगण्या बांध्याच्या, पांढऱ्या अंबाड्याच्या सरोजम्मा "बन्नी, बन्नी", म्हणजे या, या, म्हणत भिंतीला धरून पायऱ्या उतरल्या. दोन वर्षांनी येणारी मैत्रीण मागेच बसली असणार असं धरून त्यांनी मागचं दार उघडलं. आत काका मान एका बाजूला टाकून गाढ झोपले होते. चष्मा घसरून छातीवर आला होता.

सरोजम्मा गोंधळल्या. तोवर काकू पुढच्या दारातून उतरून त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या, काठी गाडीतच ठेवून. दोघींनी एकमेकींचे हात धरले. मग सरोजम्मांनी हलक्या आवाजात कन्नडमध्ये विचारलं, सरांना उठवायचं का.

"नको," काकू म्हणाल्या. त्यांनी चष्मा उचलून घडी घालून काकांच्या खिशात ठेवला, काच थोडी खाली केली आणि दार आवाज न करता लावलं. "त्यांना आपण पोचल्याचं कळलेलंच नाही."