एका कोटात दोघे

पन्नाशीत माणसानं जुनी पेटी उघडू नये. मी उघडली, कारण लेकीचं लग्न तोंडावर आलंय आणि बायकोला भांडी ठेवायला जागा पाहिजे होती. वर शाळेतले बिल्ले निघाले, लिंबू-चमच्यात मिळालेला कप निघाला, आणि तळाशी लाल मखमली कोट. कॉलरला जरीची किनार, खांद्यावर झालरी.

"अरे बाप रे!" म्हणत मी तो घातलाच. एक हात गेला, दुसरा गेला. बटणं आणि काजं मात्र एकमेकांना ओळखेनात. मध्ये पोट होतं.

हा कोट म्हणजे माझी जवानी. वडशाजवळचं आमचं गाव. मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की रात्री नाटक, नाटकाला गावोगावचे पाहुणे, आणि सकाळी चहा पिता पिता सोयरिकी. आमच्या झाडीपट्टीत कितीतरी लग्नं अशीच जुळतात. मी नायक होतो आणि इतका देखणा, की आरशासमोरून आई मला हाताला धरून हलवायची. एका नाटकाला सावली गावाहून आलेल्या पोरीनं दुसऱ्या सकाळी आपल्या मामीला सांगितलं, "कोटवाला पसंद आहे." झालं, लग्न ठरलं. तीच ही बायको. तेव्हापासून मी जो हरभऱ्याच्या झाडावर चढलोय, तो उतरलेलोच नाही. भांडणात माझं हुकमाचं पान एकच, "तूच भाळली होती कोटवाल्यावर!"

बायको पेटी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "काढा तो, फाडान. अन् तुमचा एकट्याचा थोडीच होता? खलनायकानंबी हाच घातला होता, तुमीच सांगितलं होतं."

खरं होतं. नाटक मंडळाकडे कोट एकच, पुढं तो माझ्याकडेच राहिला. मी पडद्यामागे आलो की उतरवून द्यायचो, आणि माझ्या घामानं ओला झालेला कोट घालून तो माझ्याच नायिकेला पळवायला जायचा. आमचा एकत्र प्रवेश फक्त शेवटच्या मारामारीचा, तिथं तो बनियनवर यायचा. तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. आज मला वाटलं. तो उंच, गोरा, आवाज थेट तंबूबाहेर जाणारा. आता कोरपन्याकडे सिमेंट कारखान्यात आहे आणि मेल्याचं पोट अजून सपाट.

"का वो, कोनता कोटवाला म्हणली होती तू?"

"आता काय करता विचारून?"

"सांग ना."

"पोरीचं लग्न करून राह्यलो, अन् यायले आपल्या लग्नाची पडली!"

ती हसत होती. मला हसू येईना. दुकान बापाचं, घर बापाचं, नावसुद्धा आजोबांचं ठेवलेलं. जन्मात माझी म्हणावी अशी एकच कमाई होती, की हिनं मला पसंत केलं. मलाच. तीही दुसऱ्याची निघाली तर राहिलं काय?

"तो होता का?" मी विचारलं. आवाज नायकाचा निघाला नाही.

तिनं फडकं बाजूला ठेवलं. "मले नाटकच नाई दिसलं जी. गोदडी घेऊन गेलतो आमी. नांदीच्या आधीच झोपली मी."

"मंग कोटवाला?"

"सकाळी मामीनं तुमच्या घरी चहाले नेलं. तुमी बाहेरच्या सपरीत बाजेवर कोट घालूनच पसरले होते. तोंड उघडं, नाटकातली मिशी अर्धी गालावर, अन् असे घोरत होते का दावणीचे बैल बिचकून राह्यले होते. तुमची आई लाजून उठवाले गेली. मीच म्हटलं, राहू द्या."

"हे पाहून पसंत केलं?"

"मनात म्हटलं, ज्याले एवढी झोप लागते त्याच्या मनात काही काळं नसंल. याच्या घरी आपल्यालेबी झोप लागंल."

"मंग, लागली?"

"कुठची लागते जी! एवढ्या वर्षांत एक रात धड नाई," ती म्हणाली. "अन् तुमी बाहेरगावी गेले का अजिबातच नाई."