टाकीमागची अंबाडी

पिशवी उघडली आणि वास आला. मी ती तशीच दाबून बंद केली. केबिनचं दार सताड उघडं होतं आणि दारात आमचे मॅनेजर मॅथ्यू सर चहाचा कप घेऊन उभे होते.

"क्या है? नया सॅम्पल?"

"हां सर. जान-पहचानवाले का है. घर की सब्जी."

"रजिस्टर में चढा देना," ते म्हणाले आणि तिथेच उभे राहून चहा पिऊ लागले. मी दुसऱ्या कुठल्याशा बागेतलं लिंबाचं पान भिंगाखाली धरलं आणि त्यात काहीतरी गहन दिसतंय असा चेहरा केला.

मी बहरीनमधल्या एका लँडस्केपिंग कंपनीत प्लँट हेल्थ सुपरवायझर आहे. सोप्या भाषेत, झाडांचा डॉक्टर. मूळ गाव म्हसळा, शिक्षण शेतकीचं. कुणाच्या व्हिलातलं लिंबू पिवळं पडलं, कंपाउंडमधली लॉन जळली, की मला बोलावतात. ओळखीची माणसं नुसते फोटो पाठवतात. त्यांना माझं ठरलेलं उत्तर असतं. चार रोगट पानं झिपलॉकच्या पिशवीत घाला, वर नाव, पत्ता, मोबाइल नंबर लिहा आणि ऑफिसात पोचवा.

या पिशवीवर सगळं शिस्तीत लिहिलेलं होतं. प्रसादचं नाव, जनाबिया भागातला पत्ता, त्याचा नंबर. प्रसाद अकाउंटंट आहे, परभणीचा, माझा जुना मित्र. त्याची आई, शकुंतलाकाकू, व्हिजिट व्हिसावर त्याच्याकडे आली होती. ते राहतात त्या व्हिलाचे मालकाने छोटे-छोटे फ्लॅट केलेत आणि गच्ची सगळ्यांची मिळून आहे. काकू कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या, तेव्हा त्यांना पाण्याच्या टाकीमागे कुंड्यांत अंबाडी दिसली. कुणीतरी लावून विसरलेली, सुकत चाललेली. काकूंच्याने राहवेना. त्या रोज पाणी घालू लागल्या. मग पानांवर पांढरे ठिपके दिसले, म्हणून एका पानाच्या टोकाचा फोटो मला आला. मी म्हटलं, सॅम्पल पाठवा. दुसऱ्या दिवशी प्रसादने ऑफिसला जाता जाता पिशवी आमच्या रिसेप्शनवर ठेवली.

मॅथ्यू सरांना फोन आला आणि ते गेले. मी दार लावून पिशवी पुन्हा उघडली. अंबाडीचं पान हे एकच पान असतं, पंजासारखं खोल कापलेलं. देठाला बारीक काटे असतात आणि चव आंबट. माझ्या हातातल्या पानाच्या सात सुट्या पाकळ्या एका बिंदूवर येऊन मिळाल्या होत्या, कडेला करवतीचे दाते होते, आणि वासाबद्दल तर बोलायलाच नको. भिंगाखाली खालच्या बाजूला लाल कोळी दिसला. हा डोळ्याला जेमतेम दिसणारा किडा असतो. तो पानातला रस शोषतो आणि जिथे तोंड लावतो तिथे पांढरा ठिपका पडतो. म्हणजे फोटो बघून मनात आलेलं रोगाचं निदान बरोबर होतं. फक्त झाड अंबाडीचं नव्हतं, गांजाचं होतं.

इथे या गोष्टीला क्षमा नाही. "आम्हाला वाटलं अंबाडी आहे," हे कोर्टात ऐकायला मजेदार वाटेल, पण तोवर काकू कुठे असतील आणि प्रसादची नोकरी कुठे असेल? आणि पिशवी माझ्या टेबलावर होती. मी स्वभावाने भित्रा माणूस आहे. सिग्नल पिवळा झाला की मी आधी ब्रेक दाबतो. त्या दिवशी मला माझ्या मुलींचे चेहरे दिसायला लागले.

मी काकूंना फोन लावला. फोनवर त्या झाडाचं नाव घ्यायची माझी हिंमत नव्हती.

"आरं अन्वर, बरा फोन केलास. भाजीला फोडणीच घालायले. येतोस का जेवाया?"

"काकू, कुठली भाजी?"

"तीच की, अंबाडी. आंबट काही लागंना, पण इथल्या पाण्याला चव कुठाय?"

"गॅस बंद करा. त्यावर विषारी औषध मारलंय. खाऊ नका, कुणाला देऊ नका. मी येतोय."

"कोण मारलं? मी रोज बघायले की."

"काकू, ऐका माझं."

पिशवीतली पानं मी ऑफिसच्या टॉयलेटमध्ये टाकली. पानं तरंगतात, हे मला शेतकी कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. किती वेळा फ्लश केला देव जाणे. नाव लिहिलेल्या पिशवीचे तुकडे करून खिशात कोंबले, प्रसादला "घरी ये" एवढाच मेसेज केला आणि कंपनीचा पिकअप काढला. वाटेत मागे पोलिसांची गाडी आली. ती वळून दुसरीकडे गेली तरी मी आरशातच बघत राहिलो.

काकूंनी भाजी टाकून दिली होती, पण तेल-मीठ घातलेलं अन्न टाकायला लावलं म्हणून गाल फुगवून बसल्या होत्या. प्रसाद आला. मी त्याला जिन्यात दोन वाक्यांत सांगितलं. त्याने कठड्याला धरलं.

"अन्वरभाई, आईने हाताने तोडलीये ती."

"म्हणून तर आलोय."

आम्ही गच्चीवर गेलो. टाकीमागे चार कुंड्या होत्या, वर हिरवी जाळी, मातीत खताच्या कांड्या. विसरलेली झाडं अशी नसतात. पोलिसांना सांगावं की मालकाला, की गुपचूप उपटावीत, हे आमचं कुजबुजत चाललं होतं, तेवढ्यात जिन्याचं दार वाजलं. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू होता. तिशीतला, इस्त्रीचे कपडे, गळ्यात ऑफिसचं कार्ड. प्रसाद त्याला रोज जिन्यात सलाम करायचा. तो आम्हाला बघून जराही दचकला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"नीचे गाडी आपकी है? प्लँट डॉक्टर?"

"हां."

"आंटी बहुत खयाल रखती हैं." त्याने मोबाइल पुढे केला. एका फोटोत काकू वाकून पाणी घालत होत्या. दुसऱ्यात पदरात पानं तोडून घेत होत्या. चेहरा स्वच्छ दिसत होता. "मैं तो ऊपर आता भी नहीं. ये आंटी का गार्डन है. समझे?"

पोलिसांचा रस्ता तिथेच बंद झाला.

"अब बताओ," तो माणूस म्हणाला, "पत्तों को क्या हुआ है?"

खरं उत्तर अगदी साधं होतं. साबणाचं पाणी, पानाच्या खालच्या बाजूला, आठवडाभर. झाडं टवटवीत झाली असती. आणि मी कायमचा त्याचा डॉक्टर झालो असतो, काकू त्याच्या माळीणबाई. कधी नव्हे ते मी ठरवून चुकीचं निदान केलं.

"खलास," मी म्हणालो. "इसका इलाज नहीं है. ये कीडा हवा से फैलता है. नीचे मालिक के पेडों तक पहुंच गया है. कंप्लेंट आ चुकी है, इसीलिए मैं आया हूं. कल सुबह मेरी टीम पूरी छत पर स्प्रे करेगी. मालिक भी साथ रहेगा."

"रोक दो."

"मेरे हाथ में नहीं. बुकिंग हो चुकी है."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी कुंडीकडे बघत राहिलो, कारण त्याच्याकडे बघितलं असतं तर त्याला सगळं कळलं असतं. शेवटी त्याने मोबाइल खिशात टाकला. "यल्ला, चलो," म्हणाला आणि खाली गेला.

कंप्लेंट वगैरे काही नव्हतीच. ती मी त्याच संध्याकाळी तयार केली. मालकाला भेटलो, त्यांच्या आंब्यावर लाल कोळी आहे म्हटलं, ओळखीखातर फुकट फवारतो म्हटलं. सकाळी दोन माणसं घेऊन गच्चीवर गेलो. टाकीमागे कुंड्यांचे चार ओले गोल होते, बाकी काही नाही. रिकाम्या गच्चीवर आम्ही मन लावून साबणाचं पाणी फवारलं. मालक खूश झाले आणि त्यांनी मला खजुराचा डबा दिला.

प्रसादने दुसरीकडे, झिंज भागात, फ्लॅट बघितला आणि काकूंचं तिकीट अलीकडच्या तारखेचं केलं. त्यांना आम्ही खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या घाबरल्या असत्या, आणि घाबरल्या की त्या दिसेल त्याच्याशी बोलतात.

निघायच्या दिवशी मी बॅगा वजन करायला गेलो होतो. एक बॅग जड भरली म्हणून प्रसादने ती पलंगावर उपडी केली. लुगड्यांच्या घडीतून एक पुरचुंडी पडली. मी गाठ सोडली. आत वाळवलेली पानं होती, मूठभर, हिरवीगार.

"ती राहू द्या," काकू म्हणाल्या. "पहिल्या दिवशीच वाळवून ठेवली व्हती. परभणीला दाखवाया. म्हणलं, बघा, वाळवंटात बी अंबाडी येते."

प्रसाद पलंगावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दोन तासांनी ती बॅग एअरपोर्टच्या मशीनमधून जाणार होती.

"काकू, औषध मारलेली आहे ती," मी म्हणालो. "माझ्याकडे द्या."

त्यांनी पुरचुंडी माझ्या हातात आपटली. "घे. चार झाडं तुला वाचवता आली नाहीत. कसला रं डॉक्टर तू?"

ती पानंही टॉयलेटमध्ये गेली. काकूंचं विमान उडाल्याचा मेसेज येईपर्यंत आम्ही दोघं एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून होतो, एसी बंद करून, कारण तो लावायचं सुचलंच नाही. आता कुणी पानाचा फोटो पाठवला की मी आधी पूर्ण झाडाचा मागतो. आणि रोगाचं नाव सांगण्याआधी विचारतो, झाड लावलंय कुणी?